भारीतलं साटीन

कापड पुढे केलं की बाई आधी डोळे मिटायच्या. मग डावा हात कोपरात वाकवून पुढे धरायच्या आणि त्या हातावर मी कापडाचा पदर सोडायचा. दोन श्वास जायचे. डोळे उघडायच्या आधीच त्या आकडा सांगायच्या. "एकशेअठ्ठावीस." मग मी तुकडा काट्यावर ठेवायचो. काट्यावरून हिशेब एकशेतीस यायचा. "दोन ग्रॅम तुमच्या दुकानातली धूळ," असं म्हणून बाई मशिनकडे वळायच्या.

नवीन माणसाला वाटायचं की बाई प्रार्थना करतायत. एका नवरीच्या आईनं तर शेजारी उभं राहून स्वतःही हात जोडले होते. बाईंनी डोळे उघडले, तिचे जोडलेले हात पाहिले आणि शांतपणे सांगितलं, "एकशेनव्वद हाय."

माझं दुकान कर्जतच्या बाजारपेठेत. आजोबांनी लुगडी विकली, वडिलांनी सुटिंग-शर्टिंग विकलं, आणि मी जे खपेल ते विकतो. दुकानाला लागून अर्धा गाळा आहे, तिथं बाईंचं मशिन असायचं. वर पाटी होती, 'लग्नाचे गाऊन शिवून मिळतील'. त्या ओळीच्या खाली बाईंनी पेंटरकडून आणखी एक ओळ लिहून घेतली होती, 'आधी वजन बोला'. ही पाटी वाचून पहिल्या वर्षी तीन माणसं रद्दी घेऊन आली.

बाई खालापूरकडच्या एका गावातल्या. घरी भातशेती. रोज सकाळी डबा घेऊन मिनीडोर रिक्षानं निघायच्या आणि मी कुलूप काढायच्या आधी दुकानाच्या पायरीवर हजर असायच्या. त्याआधी पंधरा वर्षं त्या साजगावच्या एका कारखान्यात शिलाईला होत्या. तिथं काय शिवायचं, तर धुराड्यात बसवायच्या गाळणीच्या पिशव्या. पुरुषभर उंचीच्या. पिशवीचं कापड वजनाला कमी असेल तर धूळ बाहेर येते, जास्त असेल तर धुराडं गुदमरतं. म्हणून तिथं कापडाच्या प्रत्येक ताक्यातून दहा बाय दहा सेंटिमीटरचा चौकोन कापून तोलत. जे वजन येईल त्याला शंभरनं गुणायचं, की एक मीटर लांब, एक मीटर रुंद कापडाचं वजन मिळतं. पंधरा वर्षं हे केल्यावर बाईंना काट्याची गरज उरली नाही. तरी काटा त्यांनी सोबत आणला होता, सोनाराकडे असतो तसला छोटा. तो माझ्या गल्ल्याशेजारी असायचा. मला पटावं म्हणून.

धुराड्याच्या पिशव्या शिवणारी बाई नवरीचे गाऊन कशी शिवायला लागली, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. "पिशवीच हाय वो शेट," त्या म्हणाल्या. "फकस्त आत माणूस हाय."

गाऊनचं खूळ आमच्याकडे फार्महाऊसवाल्यांनी आणलं. मुंबईची माणसं कर्जतला येऊन लग्नं करतात आणि जाताना आमच्या मुलींना बरंच काही दाखवून जातात. आता आमच्याकडेही हळदीला पिवळी साडी, लग्नाला नऊवारी आणि रिसेप्शनला गाऊन हे ठरून गेलंय. आणि गाऊन म्हटला की साटीन. फोटोत चमकतं म्हणून.

साटीनबद्दल बाईंची मतं पक्की होती. "शंभर ग्रॅमचं साटन चुगली करतं," त्या सांगायच्या. "आत काय हाय, काय नाय, समदं गावाला सांगून येतं. दोनशेचं गप बसतं. आन तीनशेचं उभं राहातं, मंग नवरी बसली तरी." हे शेवटचं अक्षरशः खरं होतं. एका मुलीनं हट्टानं तीनशेचं साटीन घेतलं, वर मोठा घेर. मुलगी काडीसारखी बारीक. फिटिंगच्या दिवशी बाईंनी गाऊन तिच्या अंगावर न चढवता जमिनीवर ठेवला. तो उभा राहिला. बाई त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "ह्याला तुजी काय गरज नाय गं बाय. एकटाच जाईल हॉलवर." मुलीनं दुसरं कापड निवडलं.

पण बाईंची खरी लढाई आपल्या भाषेशी होती. गिऱ्हाईक दुकानात येतं आणि म्हणतं, भारीतलं दाखवा. त्याला उत्तम हवं असतं. बाईंना मात्र भारी म्हणजे जड एवढंच ऐकू यायचं. आणि हलकं म्हटलं की गिऱ्हाइकाचं तोंड उतरायचं, कारण हलकं कापड घालायला आम्ही काय हलके आहोत का. गोऱ्या, नाजूक, उन्हाळ्यात लग्न असलेल्या मुलीला बाई सांगायच्या, हिला हलकं साटीन पाहिजे. मुलीची मावशी लगेच म्हणायची, "का? आमचं काही कमी आहे का?" मग बाई माझ्याकडे बघायच्या आणि मी गिऱ्हाइकाकडे बघायचो. मी कापडवाला. माझ्या तोंडात दिवसातून पन्नास वेळा 'भारी' यायचं. रुमालसुद्धा मी भारी म्हणून विकलेत.

"शेट, तुमचा भारी आन माजा भारी येक नाय," बाई म्हणायच्या. "तुमी ग्रॅममधी बोलत जा."

मी हो म्हणायचो. शब्द काही सुटला नाही.

बाईंची आणखी एक सवय. शिवलेल्या प्रत्येक गाऊनच्या कापडाचा तो दहा बाय दहाचा चौकोन त्या जपून ठेवायच्या. मागच्या बाजूला बॉलपेननं वजन लिहायचं, आणि मोठ्या सेफ्टी पिनेत ओवायचं. पिन भरली की दुसरी पिन. पांढरे, मोतिया, गुलाबी, एक चक्क तांबडा. कधी विचारलं की अमकीचा गाऊन कुठल्या कापडाचा होता, तर बाई पिनेतून बरोबर तो चौकोन काढायच्या. मुलीचं नाव त्यांना आठवायचं नाही. "एकशेचाळीसवाली. खांदे रुंद व्हते तिचे."

मग एका सकाळी बाई आल्या नाहीत. त्यांच्या मुलाचा फोन आला की आईचं तोंड जरा वाकडं झालंय आणि दवाखान्यात नेलंय. दोन महिन्यांनी परत आल्या तेव्हा तोंड सरळ होतं, बोलणं सरळ होतं, चाल सरळ होती. डावा हातही हलत होता. कापड धरायचा, सुई धरायचा. मी स्वागत म्हणून एक साटीन पुढे केलं. बाईंनी डोळे मिटले. दोन श्वास गेले, मग चार, मग मी मोजायचं सोडलं. डोळे उघडून त्या म्हणाल्या, "हात हाय, पर बोलत नाय."

मी म्हटलं, उजव्यावर घेऊन बघा. घेतलं. "ह्याला अक्कल नाय," त्या म्हणाल्या. "ह्यो कात्रीचा हात."

त्या दिवसापासून डोळे मिटायचे बाईंनी आणि आकडा सांगायचा मी, असं ठरलं. "बोला शेट," असं त्या म्हणायच्या. मी तुकडा काट्यावर ठेवायचो आणि बोलायचो. त्या तोच आकडा चौकोनावर लिहायच्या. पहिले काही महिने मी दरवेळी तोललं. नंतर काही वेळा अंदाजानं सांगितलं. अंदाज बरोबर निघाले, म्हणून आणखी काही वेळा सांगितलं. हे मी इथं लिहून ठेवतोय, कारण पुढचं यातूनच घडलं.

मोहोपाड्याची एक मुलगी आली, शलाका. बरोबर आई. मुलगी एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करायची. तीन वर्षांपूर्वी स्कूटीवरून पडली होती, उजव्या पायात सळई बसवली होती, आणि तो पाय बोटभर आखूड झाला होता. उजव्या बुटाला जाड तळवा होता. दुकानात आली तेव्हा ती पायरी चढून आधी थांबली, श्वास घेतला आणि मग आत आली.

"भारीतलं दाखवा," आई म्हणाली. "भारी असलं की पाय झाकला जाईल. मुलाला माहीत आहे सगळं. पण त्यांचे चुलते, मावश्या, शेजारीपाजारी, सगळे येणार."

बाईंनी आईचं ऐकून घेतलं आणि मुलीला विचारलं, "तुला काय पायजे गं बाय?"

शलाका म्हणाली, "मला गेटपासून स्टेजपर्यंत एकटीला चालायचंय. कोणाचा हात नको. आणि मधे थांबायचं नाही."

"किती लांब हाय?"

"मी मोजून आले. चाळीस पावलं."

बाईंनी मान हलवली. मला सांगितलं, घरनं तांदूळ मागवा.

मला वाटलं बाईंना भूक लागली. पण त्यांनी त्या तांदळाच्या लहान लहान पुरचुंड्या शिवल्या, एका पट्ट्याला टाचल्या आणि तो पट्टा शलाकाच्या कमरेला बांधला. वरून अस्तराचं कापड गुंडाळलं. दुपारची वेळ होती, बाजार पेंगत होता. माझ्या दुकानापासून पुढच्या भांड्यांच्या दुकानापर्यंत चाळीस पावलं भरतात. "चाल गं बाय," बाई म्हणाल्या, आणि शलाका चालली.

एक किलोला ती भरभर गेली, पण कापड अंगाला लपेटलं आणि पाऊल टाकताना आखूड पाय उठून दिसला. बाई म्हणाल्या, "चुगली." दोन किलोला तिची चाल बदलली. कापडाला खाली ओढ आली, पाऊल सावकाश पडलं, आणि ती चाळिसावं पाऊल टाकून भांडीवाल्याला हसून परत आली. तीन किलोला मात्र पंधराव्या पावलावर तिनं हात लांब केला आणि टेलिफोन बूथची जुनी पाटी धरली. बूथ केव्हाच बंद झालाय, पाटी राहिलीये. समोरच्या भाजीवाल्यानं विचारलं, "शेट, कापडाबरोबर आता तांदूळ पण का?" शलाकाची आई म्हणाली, "लग्नाआधीच अक्षता झाल्या." ती हसायचा प्रयत्न करत होती.

बाईंनी हिशेब मांडला. आठ कळ्यांचा घेर, मागे जमिनीवर लोळणारा थोडा पदर, म्हणजे लोळ, आणि अस्तर, सगळं मिळून दोन किलोत बसवायचं तर साटीन एकशेसाठ ग्रॅमचं हवं. "एकशेसाठ," त्या मला म्हणाल्या. "वर नको, खाली नको."

मी त्यांच्यासमोरच मुंबईच्या होलसेलवाल्याला फोन लावला. एकशेसाठ ग्रॅम, मोतिया, असं व्यवस्थित सांगितलं. आणि मग, जीभ सवयीनं चालते तशी, वर म्हणालो, "लग्नाचं आहे रे. भारीतलं पाठव."

त्याला जो शब्द समजतो तोच त्यानं ऐकला.

ताका आला तेव्हा दुकानात गर्दी होती. मी तो उचलून काउंटरवर ठेवला. वजनदार लागला. आता मला सांगा, तीन पिढ्यांच्या कापडवाल्याला ताका वजनदार लागला तर त्याला काय कळायला हवं? मी म्हणालो, "वा, भारी आहे." आणि खूश झालो.

बाईंनी पदर डाव्या हातावर घेतला. डोळे मिटले. सवयच ती. "बोला शेट."

मी एका गिऱ्हाइकाला शर्टाचं कापड मोजून देत होतो. काटा माझ्यापासून दोन हातांवर होता, त्यावर रुमालांचे डबे ठेवलेले होते. डबे खाली काढायचे, काटा पुढे ओढायचा, चौकोन कापायचा, एवढंच काम होतं.

"एकशेसाठ," मी म्हणालो.

"तोललं?"

"अहो, सांगून मागवलंय. एकदम भारी."

बाईंनी कात्री घेतली.

शिवताना दोनदा म्हणाल्या की सुई जड जातेय. सुई बदलली. मी म्हटलं, मशिनला तेल द्या. तेल दिलं. "मंग हातच असंल," त्या म्हणाल्या आणि शिवत राहिल्या.

लग्नाला सहा दिवस असताना फिटिंग झालं. गाऊन सुंदर झाला होता, हे मला सांगायलाच हवं. मोतिया साटीन, आठ कळ्या, मागे लोळ. शलाकानं आरशात पाहिलं आणि पहिल्यांदा मोठ्यानं हसली. मग ती रस्त्यावर उतरली आणि चालायला लागली. मी दुकानातून पावलं मोजत होतो. पंधराव्या पावलावर तिनं हात लांब केला आणि टेलिफोन बूथची पाटी धरली.

बाईंनी पाटीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी रुमालांचे डबे नीट लावत होतो.

"उद्या ये," बाई मुलीला म्हणाल्या. शिल्लक कापडातला एक चौकोन कापून त्यांनी कमरेला खोचला आणि त्या दिवशी जरा लवकर निघाल्या.

शटर अर्धं ओढून मी काटा पुढे घेतला. दहा बाय दहाचा तुकडा. दोन पूर्णांक सहा. म्हणजे दोनशेसाठ. दुसरा तुकडा कापला. दोन पूर्णांक सहा. मग मी दोन्ही तुकडे खिशात घातले, घरी गेलो, आणि बायकोनं विचारलं तेव्हा सांगितलं की डोकं दुखतंय.

सकाळी शलाकाची आई आली, बरोबर शलाकाचा मामा. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती, भाजीवाला समोरून कान देऊन होता. आई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "बाई, पोरगी रात्रभर झोपली नाही. म्हणते, मला खुर्चीवरच बसवा, मी चालत नाही. तुम्ही तांदूळ बांधून पाहिलेत ना? मग चूक कोणाची?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. डोक्यात एकाच वेळी आजोबा, वडील, दुकानाची पाटी आणि समोरची तीन गिऱ्हाइकं आली. तोंड मिटलं.

"चूक माज्या हाताची," बाई म्हणाल्या. "हात गेला माजा, वैनी. वजन वळखता नाय आलं. शेटनी कापड बरोबरच दिलं व्हतं."

मी पुन्हा तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. त्या दिवशी माझी मला लाज वाटली, आणि ती मी गिळली. गिळलेली लाज पचत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

"पर चालंल तुमची पोरगी," बाई म्हणाल्या. "मला चार दिस द्या."

नवं कापड मागवायला वेळ नव्हता. बाईंनी आठातल्या तीन कळ्या उसवून काढल्या. लोळ कापून टाकला. कंबरेच्या आत एक रुंद पट्टा घातला, असा घट्ट की सगळा घेर त्याच्यावर बसावा. "खांद्याला वजन द्यायचं नाय," त्या पुटपुटत होत्या. "कळशी बाईमाणूस कमरेवर घेतं ते काय येडं म्हणून?" जाड कापडाला घेर कमी झाल्यावर ते पायापासून सुटं, उभं राहिलं. चुगली बंद. शेवटी त्यांनी खालची किनार घोट्याच्या वर उचलली, म्हणजे पायात येणार नाही.

शलाकाची आई म्हणाली, "अहो, मग बूट दिसणार."

बाईंनी शलाकाकडे पाहिलं. शलाकानं बुटाच्या जाड तळव्याकडे बघितलं. मग म्हणाली, "दिसू दे."

काढलेल्या कळ्यांतून बाईंनी दोन्ही बुटांवर साटीन चढवलं. तळव्यासकट. मग बूट सोडून सगळा गाऊन पिशवीत घालून त्यांनी भाजीवाल्याच्या तराजूवर ठेवला. दुसऱ्या पारड्यात दोन किलोचं माप. पारडी सारखी झाली. भाजीवाल्यानं सवयीनं वर एक मिरची टाकली.

रिसेप्शनला आम्ही दोघंही गेलो. बाई गेटजवळ एका झाडाखाली उभ्या राहिल्या, आत येईनात. वाजंत्री सुरू झाली आणि शलाका निघाली. बाई फक्त किनारीकडे बघत होत्या. मी मोजत होतो. पंधरावं पाऊल पडलं. सोळावं पडलं. ती लंगडली, दोनदा, सगळ्यांनी पाहिलं. थांबली नाही. चाळीस म्हणाली होती, एकेचाळीस भरली. स्टेजवर चढून तिनं गर्दीत कोणाला तरी शोधलं आणि हात हलवला. माझ्या मागे उभी असलेली एक मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "शूज बघ ना, सेम कापडाचे. कसले भारी."

बाईंनी ते ऐकलं. "ह्यो भारी चालंल," त्या म्हणाल्या.

पण बाजार लहान असतो. बाईंचा हात गेला, असं बाईंनीच चारचौघांत सांगितलं होतं. भाजीवाल्यानं ते आणखी चाळीस जणांना सांगितलं, वाईट हेतूनं नव्हे, हळहळून. लोक हळहळले आणि गाऊन दुसरीकडे टाकायला लागले. लग्नसराई आली आणि बाई मशिनवर ब्लाउजची हुकं लावत बसल्या. हुकांना वजन नसतं. एके दिवशी त्यांनी मशिनवर झाकण घातलं, मुलाला टेंपो घेऊन बोलावलं आणि पाटी उतरवली.

काटा तेवढा राहिला. मी म्हटलं, बाई, हा तुमचा. "ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "तुमाला लागंल."

मी त्यांना सांगणार होतो. आज ना उद्या सांगणारच होतो. त्यांचं गाव माझ्यापासून मोटारसायकलनं पाऊण तासावर. त्या रस्त्यानं मी त्यानंतर कितीतरी वेळा गेलो, वसुलीला, लग्नांना, एकदा नुसताच. फाट्यावर वेग कमी व्हायचा. मग वाटायचं, एवढ्यासाठी आता काय उकरून काढायचं, त्या विसरल्या असतील. अशी दीड-दोन वर्षं गेली.

मग त्यांच्या मुलाचा फोन आला. या वेळी तोंड वाकडं झाल्याचा नव्हता.

मी दहाव्याला गेलो. ओसरीवर बसलो, चहा आला. मुलगा बाहेरच्या माणसांत होता, सून समोर बसली होती. तिला मी पूर्वी एकदाच पाहिलं होतं. चहा अर्धा झाल्यावर मी म्हणालो, "बाईंना एक सांगायचं राहिलं माझं. ते एक मोतिया साटीन होतं, मोहोपाड्याच्या मुलीचं." मी कप खाली ठेवला.

सून उठली आणि आतून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन आली. आत सेफ्टी पिना. पांढरे, मोतिया, गुलाबी, तो तांबडा. शेवटच्या पिनेतला शेवटचा चौकोन तिनं काढून माझ्या हातात दिला. मी तो उलटा केला. बाईंच्या अक्षरात १६० लिहिलं होतं. त्यावर एक रेघ मारली होती. खाली लिहिलं होतं, २६०.

"हे कधी लिहिलं त्यांनी?"

"फिटिंग झालं त्याच सांजला. खोपोलीला सोनाराकडं मलाच धाडलं व्हतं, येवढासा तुकडा तोलायला. सोनार हासला."

त्याच संध्याकाळी. म्हणजे मी शटर ओढून तोलत होतो तेव्हाच. आणि दुसऱ्या सकाळी चारचौघांत हाताचं नाव घेतलं तेव्हा बाईंना सगळं माहीत होतं.

"मग त्या बोलल्या का नाहीत?"

"मी इचारलं. म्हनल्या, दुकान हाय त्येंचं. माजा हात तर गेलेलाच हाय." सुनेनं डब्याचं झाकण लावलं. "म्हनल्या, शेट येतील सांगायला. आले का मंग ह्यो दाव."

मी तो तुकडा डाव्या हातावर ठेवून बसलो. दोन पूर्णांक सहा ग्रॅम.

"लय दिस वाट बगितली त्येंनी," सून म्हणाली. "मोटारसायकल वाजली का ओसरीवर येऊन बगायच्या."

माझी मोटारसायकल अंगणात उभी होती.